फ्लॅग म्हणजे नेमकं काय?

'शिरूर' म्हटलं की कुठलं? बीडमधलं शिरूर कासार, लातूरमधलं शिरूर अनंतपाळ, की आमचं? म्हणून तर आमच्या गावाला 'शिरूर-घोडनदी' म्हणतात. प्रोग्रॅममधल्या नावांचंही तसंच आहे.

आम्ही दूध संकलनाच्या बिलाचा प्रोजेक्ट केला. मी 'फ्लॅग = १' लिहिलं, मनात म्हैस. दौंडच्या पार्टनरने तोच फ्लॅग गाय समजून वापरला. कंपायलरला काय त्याचं! टेस्टिंगला म्हशीच्या दुधाला गाईचा भाव लागला. खरी पावती असती तर शेतकऱ्याचे पैसे बुडाले असते.

मग फ्लॅगचं नाव 'इज_बफेलो' केलं. हो किंवा नाही असं उत्तर मिळेल, असंच नाव द्यावं. 'नॉट_काऊ' नको, त्याला पुन्हा 'नॉट' लागला की डोकं फिरतं.

तसंच भावासाठी धरलेले ३.५ आणि ६.० फॅट हे आकडे जागोजागी न लिहिता 'काऊ_बेस_फॅट', 'बफेलो_बेस_फॅट' असे कॉन्स्टंट एकदाच वर लिहावेत. पण 'थ्री_पॉइंट_फाइव्ह' असं नाव देऊ नका! उद्या आकडा बदलला की नावच खोटं पडेल. नावाने 'कशासाठी' ते सांगावं, 'किती' ते नाही.