भागीदारी की कर्ज? कंपन्या भांडवल कसे उभारतात

धरमपेठेतल्या आमच्या कापड दुकानात बसलो की महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी ओळखीचा एखादा फॉर्म घेऊन येतो आणि विचारतो, "चाचा, यात पैसे टाकू का? शेअर म्हणजे जुगारच ना? आणि बॉण्ड म्हणजे काय?" आपल्या समाजात तिजारत पिढ्यान् पिढ्या आहे, पण कंपनीचे भांडवल कसे उभे राहते याची माहिती फार कमी. या अज्ञानापायी काही जण हलाल कमाईचा दरवाजा स्वतःच बंद करून घेतात, तर काही जण आयुष्यभराची पुंजी भलत्याच्या हाती देतात. म्हणून हा विषय आज मुळापासून समजून घेऊ.

नागपूरचेच उदाहरण

दूर जायला नको. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये नागपुरात गिरणी काढण्यासाठी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी स्थापन केली. भांडवल १५ लाख रुपये. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून गिरणी बांधायची होती. असे सांगतात की, इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला साफ नकार दिला. हा माणूस चिखलात सोने गाडतो आहे, असे त्याचे मत. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पहिल्या यंत्रांतून माल हवा तसा निघेना, ती बदलावी लागली. पण पुढे गिरणीने असा नफा दिला की त्याच सावकाराला आपली चूक कबूल करावी लागली.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट ही की, कंपनीने १५ लाखांचे लहान लहान सारखे भाग केले आणि ते विकले. त्या एका भागालाच शेअर म्हणतात. शेअर घेणारा कंपनीचा मालक-भागीदार होतो. नफा झाला तर त्याला लाभांश मिळतो, नाही झाला तर काही नाही. त्याचा मूळ पैसा परत करण्याचे बंधन कंपनीवर नसते. मात्र कंपनी बुडाली तर त्याचे नुकसान शेअरच्या रकमेपुरतेच, घरदार जप्त होत नाही. आपल्या जुन्या शिराकतीत ही सोय नव्हती.

दुसरा मार्ग : कर्जरोखे

टाटांच्याच पोलाद कंपनीने १९०७ मध्ये मुंबईत शेअर विक्रीस काढले. सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत जवळजवळ २ कोटी ३० लाख रुपये उभे केले. त्यानंतर कामकाजासाठी आणखी पैसा लागला तेव्हा कंपनीने कर्जरोखे, म्हणजे डिबेंचर काढले. ४ लाख पौंडांचे ते सगळे रोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्यांनी घेतले.

कर्जरोखा किंवा बॉण्ड म्हणजे कंपनीला दिलेले कर्ज. व्याजाचा दर ठरलेला, परतफेडीची तारीख ठरलेली. कंपनीला नफा होवो वा तोटा, व्याज द्यावेच लागते. रोखेवाला मालक नसतो, त्याला मत नसते, आणि भरभराट झाली तरी ठरल्यापेक्षा जास्त मिळत नाही.

हिशेब करून पाहा

समजा, एका कारखान्याला १० लाख रुपये हवेत. सगळे शेअरमधून आणले आणि २ लाख नफा झाला, तर शेकडा २० मिळाले. वाईट वर्षी ४० हजारच नफा झाला, तर शेकडा ४. कमी, पण कारखाना शाबूत.

आता ५ लाख शेअरचे आणि ५ लाख शेकडा १२ व्याजाच्या रोख्यांचे धरा. व्याज ६० हजार. चांगल्या वर्षी उरले १ लाख ४० हजार, म्हणजे ५ लाखांवर शेकडा २८! म्हणूनच कंपन्यांना कर्जाचा मोह होतो. पण वाईट वर्षी ४० हजारांतून ६० हजार व्याज कसे देणार? २० हजारांचा खड्डा. धंदा तोच, नफा तोच, पण कर्जाने नफ्याचे नुकसान झाले. पोलाद कंपनीवरही १९२४ मध्ये अशी वेळ आली की, दोराबजी टाटांना स्वतःची मालमत्ता गहाण टाकून बँकेकडून पैसा उचलावा लागला.

बुडाल्यावर कोण आधी?

एम्प्रेस मिलची कंपनी १९८६ मध्ये गुंडाळली गेली. पुढे गिरण्या सरकारी महामंडळाने चालवल्या, त्याही २००२ मध्ये बंद पडल्या. आज तिथे मॉल उभा आहे. कंपनी गुंडाळताना कायद्याने कामगारांची देणी आणि तारणावरचे कर्ज आधी, मग इतर देणेकरी, आणि उरले तर सर्वांत शेवटी शेअरवाले. मालकीचा हक्क घेणाऱ्याने ही शेवटची रांगही पत्करलेली असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनी पहिल्यांदा शेअर विकते तेव्हाच पैसा तिच्या तिजोरीत जातो. नंतर बाजारात तुम्ही शेअर घेता तो पैसा आधीच्या शेअरवाल्याला मिळतो.

शरीअतचा प्रश्न

व्याज हराम आहे, यात वाद नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९० मध्ये व्याजी रोखे नाजायज ठरवले. शेअरचे मूळ मात्र शिराकतीत आहे. नफा-नुकसान दोन्हींत हिस्सा. हजरत खदीजा (र.) यांच्या भांडवलावर हुजूर (स.) यांनी शामपर्यंत व्यापार केला, हे आपण सर्व जाणतो. त्याच अकादमीने १९९२ मध्ये जायज धंद्याच्या कंपनीचे शेअर जायज म्हटले, पण व्याजाचा व्यवहार करणाऱ्या कंपनीविषयी सावध केले. आज अशी कंपनी टाळणे कठीण, म्हणून अनेक उलेमांनी अटी घातल्या आहेत: धंदा दारू, जुगार, व्याज यांचा नसावा, कर्ज साधारण एक तृतीयांशाच्या आत असावे, व्याजाचा अंश सदका करावा. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच निर्णय घ्यावा.

खरा धोका

धोका शेअर किंवा बॉण्डमध्ये आहे त्याहून जास्त त्यांच्या मुखवट्यात आहे. बंगळुरूची आयएमए ही कंपनी हलाल नफ्याच्या नावाने ठेवी घेत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो कुटुंबांची बचत गेली. बहुतेक आपलीच माणसे. त्यांना भागीदार म्हटले होते, पण नफा महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळत होता. बंधूंनो, कापडाच्या धंद्यात मी इतकी वर्षे काढली. सणाचा महिना आणि पावसाळ्याचा महिना कधी सारखा गेलेला पाहिला नाही. जिथे नफा दर महिन्याला ठराविक येतो, तिथे एक तर व्याज आहे, नाही तर नव्या ठेवीदाराचा पैसा जुन्याला दिला जातो आहे.

म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. मी मालक होतो आहे की सावकार? नुकसान झाले तर कोणाचे? आणि हिशेब कोण तपासतो, सेबीकडे नोंद आहे का? उत्तर लेखी घ्या. देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम तर सूरह बकरामध्येच आहे. जो लिहून द्यायला कचरतो, त्याला सलाम करून घरी यावे.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.