ग्लुकोज : एक साधी शर्करा, दोन मोठी कार्ये

धान्यातील पिष्ट असो, मध असो वा मेळघाटातील मोहाचे फूल, या सर्वांतून शरीरास ग्लुकोज ही साधी शर्करा मिळते. प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण रक्तात एका वेळी ती जेमतेम चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम असते. तिचा पहिला ग्राहक म्हणजे मेंदू. शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असूनही तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजमधून.

दोन जेवणांमधील काळात यकृतातील साठा हा पुरवठा सांभाळतो. तीव्र कुपोषित बालकाजवळ हा साठा अत्यल्प असतो. रात्रभर उपाशी राहिल्यास त्याची रक्तशर्करा १०० मिलिलिटरमागे ५४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. मग मूल निपचित पडते, अंग गार होते, प्रसंगी झटके येतात. म्हणूनच अशा बालकास आरंभी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आहार देतात. तो आहार म्हणजे उपचारच होय.

ग्लुकोजचे दुसरे कार्य आतड्यात चालते. तेथील पेशी ग्लुकोज व मिठातील सोडियम एकत्रच आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात येते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलेली ही यंत्रणा जुलाबातही बहुधा शाबूत राहते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. आजच्या जलसंजीवनीच्या एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. प्रमाण महत्त्वाचे आहे. साखर जास्त झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात.

‘ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल’ असा आग्रह अनेकदा होतो. परंतु ५ टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत केवळ २५ ग्रॅम ग्लुकोज असते. एका लहान भाकरीएवढीही ऊर्जा त्यातून मिळत नाही. शिरेतून द्रव देण्याची खरी गरज कोणास आहे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

पावसाळ्यात नाले भरून धारणी तालुक्यातील दूरच्या गावांची वाट अडते, तेव्हा घरातील जलसंजीवनीची पुडी हाच पहिला उपचार ठरतो. जुलाबातही स्तनपान व आहार थांबवू नये. कुपोषित बालकास मात्र जलसंजीवनी वैद्यकीय सल्ल्याने, बेताने द्यावी आणि मूल सुस्त दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे. एवढे ज्ञान प्रत्येक मातेपर्यंत पोहोचविणे, हेही आपल्या दानाचे सार्थकच आहे.