सुरीच्या पाठीवरचा निळा नाग

सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणारा धारवाला घाईत असला की सुरीच्या टोकाला निळा डाग पडतो. जाणती बाई तो डाग बघूनच पैसे द्यायला कुरकुरते. निळं पडलेलं टोक म्हणजे पाणी गेलेलं टोक. त्याची धार दोन दिवस टिकणार आणि तिसऱ्या दिवशी टोमॅटो चेंगरणार. निपाणी भागात हे ज्ञान घरोघरी आहे. तंबाखूची झाडं कापायची असोत, उसाच्या फडातला कोयता असो, नाहीतर विडीचं पान कापणारी कात्री असो, इथली निम्मी मजुरी धारेवरच मिळते.

तर हा अशुभ निळा रंग मुद्दाम आणायचा, त्याची नक्षी करायची आणि तरी धारेचं पाणी जाऊ द्यायचं नाही, ही या कृतीची सगळी गंमत आहे.

आधी रंगाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. पोलाद लालबुंद करून पाण्यात किंवा तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग लोहार ते पुन्हा हलकं तापवतो आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर रंग कसे धावतात ते पाहत राहतो. साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसला भाताच्या पेंढ्याचा पिवळा, 255च्या सुमारास तपकिरी, 275ला वांग्याचा जांभळा, 295च्या आसपास गडद निळा, 320ला फिका आभाळी, आणि त्यापुढे मेलेला राखाडी. वस्तऱ्याला पिवळा पुरतो, छिन्नी तपकिरी-जांभळ्यापर्यंत नेतात, कमानीला निळा लागतो. लोहाराकडे तापमापक नसतो, हे रंगच त्याचा तापमापक. रंग कुठून बाहेरून येत नाही. तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडची साय धरते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी, आणि तिच्या जाडीप्रमाणे उजेडाचे रंग बदलतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर इंद्रधनुष्य दिसतं, तोच प्रकार.

आता नक्षी. युरोपच्या उत्तरेकडचे लोक, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणून ओळखतो, ते लोखंडावर नक्षी करण्यात वस्ताद होते. डेन्मार्कमधल्या मामेन गावात 1868 साली एका थडग्यातून लोखंडी कुऱ्हाड निघाली. तिच्यावर चांदीची तार ठोकून पशू आणि वेली काढलेल्या आहेत, आणि थडग्याचा काळ 970-71चा हिवाळा ठरला आहे. नॉर्वेतल्या उर्नेसच्या लाकडी चर्चच्या भिंतीवर त्याहून थोडं पुढचं, अकराव्या शतकातलं कोरीवकाम आहे. एक जाडसर लांब जनावर आणि त्याला विळखे घालणारा बारीक साप, दोघं एकमेकांना चावतात. युनेस्कोने 1979 साली हे चर्च जागतिक वारशात घेतलं. त्या कोरीवकामाचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नॉर्वे आठवलाच नाही. आठवला पिंपळाचा पार. आपल्या सीमाभागात गावोगावी पाराखाली नागशिळा मांडलेल्या असतात. दोन नाग दोरीसारखे पीळ घेत वर चढतात, समोरासमोर फणा काढतात, आणि विळख्याच्या पोकळीत छोटं शिवलिंग. फरक इतकाच की आपले नाग नांदतात आणि त्यांचे भांडतात. म्हणून उर्नेसचा साप आपल्या सुरीवर उतरवताना परकेपणा वाटत नाही.

लागणारं सामान फार नाही. पोलादी सुरी, साधारण सात इंच लांब आणि दीड इंच रुंद. पॉलिश पेपर 120, 220, 400 आणि 800 नंबरचे. लोखंडाचा एक जाड ठोकळा, इंचभर जाडीचा, सुरीच्या लांबीएवढा. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कुणी ओळखीचं असेल तर भंगारातून सहज मिळतो. सुताराची चपडा लाख आणि स्पिरिट, शून्य नंबरचा ब्रश, एक लिंबू, खायचा सोडा, कापूस, खोबरेल तेल. हातमोजे आणि सांडशी.

सुरी लोहाराकडूनच घ्या, आणि बिनमुठीची मागा. ट्रकच्या जुन्या पाट्याची असली तर उत्तम. लाख भरून बसवलेली मूठ ताप लागला की सुटते, म्हणून मूठ नंतर बसवायची. बाजारातली चकचकीत स्टेनलेस सुरी या कामाला घेऊ नका. तिला रंग येतो, पण फार जास्त तापावर, आणि वर दिलेलं रंगांचं गणित तिला लागू पडत नाही. ओळखायचं कसं? पात्यावर लिंबाचा थेंब ठेवा. थोड्या वेळात काळपट डाग उमटला तर साधं पोलाद. मुलामा दिलेला पत्रा, जस्त चढवलेलं लोखंड वगैरे तापवूच नका, त्याचा धूर छातीत जातो.

कंबार म्हणजे कन्नडमधला लोहार. ज्ञानपीठ मिळालेले चंद्रशेखर कंबार याच बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीचे आणि त्यांच्या आडनावातच भाता आहे. आपल्या भागात अजून एखादा कंबारमामा भाता फुंकत असेल तर ठोकळा तापवायला त्याच्याकडेच जा. घरच्या गॅसवरही होतं, पण त्याच्याकडे बसलात तर रंग ओळखायला शिकाल.

घासण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. आधी 120ने काळी खपली काढा, मग एकेक नंबर चढत 800पर्यंत. पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळा आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनेच चालवा, गोल गोल नाही. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. राहिलेला एखादा ओरखडा आत्ता दिसत नाही. निळ्यावर तो पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो आणि मग परत पहिल्यापासून सुरुवात. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसा, स्पिरिटने पुन्हा पुसा. यापुढे पात्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे ठशासकट डाग येतो.

माझी पहिली सुरी मी थेट गॅसच्या ज्योतीवर आडवी धरली होती. मधल्या भागाला पिवळा दिसायच्या आत टोक निळं होऊन राखाडी पडलं. पातळ भाग आधी तापतो, हे समजायला शाळेत जावं लागत नाही, तरी मी गेलेलो असून चुकलो. रंग मोराच्या पिसाऱ्यासारखा आला. बघायला सुंदर. घरच्यांनी त्याच सुरीने कांदा चिरायला घेतला आणि कांदा चिरला नाही, ठेचला गेला.

म्हणून ज्योत नको, ठोकळा घ्या. लोखंडी ठोकळा शेगडीवर ठेवून चांगला तापवा. लाकडाची ढलपी टेकवली की लगेच धूर निघून ती काळी पडली पाहिजे. पण ठोकळा लाल होऊ द्यायचा नाही. आता मुठीत जाणारी शेपटी सांडशीत धरून सुरीची पाठ, म्हणजे जाड बाजू, ठोकळ्यावर टेकवा. धार वर, हवेत. पातं मागेपुढे हलकं सरकवत राहा, म्हणजे ताप सगळीकडे सारखा बसेल. टोक पातळ असतं, ते मधूनमधून ठोकळ्याबाहेर काढत जा. उजेड खिडकीतला असावा. पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग दिसतच नाही.

मिनिटभर काहीच घडत नाही. मग पाठीजवळ पेंढ्याचा रंग येतो आणि धारेकडे सरकू लागतो. त्याच्या मागून तपकिरी, जांभळा, आणि सगळ्यात मागून निळा, एकामागून एक, वारीतल्या दिंड्यांसारखे. इथे डोळा हलवायचा नाही. पाठीजवळ 12 मिलिमीटरचा पट्टा निळा-जांभळा झाला आणि पिवळा धारेपासून बोटभर अंतरावर पोहोचला, की सुरी उचला आणि धार आधी पाण्यात बुडवा. उशीर झाला तर आत साठलेला ताप रंग पुढे ढकलतच राहतो, म्हणून हवा तो निळा येण्याच्या किंचित आधीच उचलायची सवय लावा. धार पिवळ्याच्याही अलीकडे राहिली, म्हणजे तिचं पाणी शाबूत आहे. निळा धारेपर्यंत गेला तर ती सुरी शोभेची झाली. पुन्हा घासून रंग निघतो, पाणी मात्र लोहाराकडूनच पुन्हा द्यावं लागतं.

आता नाग. चपडा लाख एक भाग, स्पिरिट चार भाग, रात्रभर भिजवून ठेवलेलं. त्यात शाईचे दोन थेंब, म्हणजे रेघ दिसेल. लाख जिथे लागेल तिथला निळा वाचणार आणि बाकीचा लिंबाने जाणार, एवढं डोक्यात ठेवा. जवळ विस्तव नको, स्पिरिट पेट घेतं.

आखणी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. निळ्या पट्ट्यात ठिपक्यांच्या दोन ओळी, एकमेकींपासून 8 मिलिमीटरवर, आणि प्रत्येक ओळीत ठिपके 12 मिलिमीटरवर. आठ ठिपके झाले की नक्षी साधारण साडेआठ सेंटिमीटर भरते, सात इंची पात्याला ती शोभते. पहिला नाग वरच्या पहिल्या ठिपक्यावरून निघून खालच्या दुसऱ्यावर, मग वरच्या तिसऱ्यावर, असा नागमोडी जातो. दुसरा नाग खालच्या पहिल्यावरून उलटा. दर दोन ठिपक्यांमध्ये ते एकमेकांना छेदतात. छेदावर कोण वर? एकच नियम: जो उतरतो आहे तो वर, जो चढतो आहे तो खाली. हा नियम पाळला की पीळ आपोआप वर-खाली, वर-खाली पडतो आणि दोरी खरी दिसते. एक छेद चुकला तर सगळी नक्षी सपाट होते, आणि बघणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खटकतं. दुसऱ्याच्या खालून जाणाऱ्या नागाची रेघ छेदाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर तोडायची. ती फट पांढरी उरते.

उर्नेसची खूण म्हणजे जाडीतला फरक. पहिला नाग मानेशी तीन मिलिमीटर जाड आणि शेपटीकडे निमुळता होत केसाएवढा. दुसरा सगळीकडे एकसारखा बारीक. डोळा बदामासारखा, टोक थेट पुढे ओढलेलं, त्यामुळे चेहरा धावता वाटतो. जाड्याने बारक्याची मान पकडायची, बारक्याने त्याची शेपटी. मी मात्र दोघांना समोरासमोर फणा दिला आहे, पारावरच्या सारखा. नॉर्वेच्या लोकांनी रागवायचं कारण नाही. कोपऱ्यात काही जण व्हायकिंगांच्या रून लिपीतली अक्षरं काढतात. येत नसेल तर काढू नका. उलटं अक्षर ओळखणारा नेमका कधीतरी भेटतोच.

लाख तासभर वाळू द्या. मग कापसाला लिंबाचा रस लावून उघड्या निळ्यावर हलके फिरवा. आधी मुठीत जाणाऱ्या शेपटीवर करून बघा. अर्ध्या-एक मिनिटात निळा जांभळ्याकडे, जांभळा पिवळ्याकडे आणि मग पोलादाच्या पांढऱ्याकडे येतो, म्हणजे ठोकळ्यावर धावलेले रंग उलटे परततात. व्हिनेगरही चालतं. पांढरं दिसलं की लगेच सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर आंबट लाखेच्या कडेखाली शिरून रेघ खातं. सगळं कोरडं करून स्पिरिटच्या बोळ्याने लाख उतरवा. खालून नाग निघतो. वरच्या वळणावर निळा, खालच्या वळणावर जांभळा, कारण ठोकळ्याचा ताप तसाच चढला होता. रंगाची ही चढउतार ब्रशने कधीच जमली नसती.

बंदुकीला लावायचं थंड निळं रसायन बाजारात मिळतं. त्यात बहुधा सेलेनियमची विषारी संयुगं असतात. स्वयंपाकाच्या सुरीला ते लावायचं नाही, मग रंग कितीही गडद येवो.

शेवटी खोबरेल तेलाचा हात. मूठ बसवा, मगच धार लावा, आणि धार दगडावर पाणी टाकत लावा. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर दिलीत तर वरची सगळी मेहनत एका ठिणगीत जाईल. हा निळा गंजाला फारसा अडवत नाही, म्हणून वापरून झालं की पुसून ठेवायची. कैरी आणि लिंबू या सुरीने चिरू नका. ज्या रसाने नक्षी काढली, तोच रस ती पुसून नेतो. आंबटाचा धाक नको असेल तर अडकित्त्याच्या हातांवर हीच कृती करा. पात्याला हात न लावता फक्त हातांवर नाग. सुपारीला निळ्याशी काही वैर नाही.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा जंबिया करून त्यावर नाग काढायचा मोह होईल. 1959च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत पातं शस्त्र ठरवणारी मापं हीच आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून सुटलेली आहेत, तेव्हा विळा-सुरीवर समाधान माना.

माझी ती पहिली, मोरपिशी सुरी अजून स्वयंपाकघरात आहे. टपालाची पाकिटं उघडायला वापरतो.