सहकुटुंब सहल आणि सावंतवाडीच्या गंजिफा

मे महिन्याच्या सुट्टीत कोकण-गोव्याकडे जाणारी अनेक कुटुंबे वाटेत सावंतवाडीस थांबतात. मोती तलाव पाहावा, चितारआळीतून लाकडी फळे किंवा भातुकली घ्यावी आणि पुढे निघावे, असा सर्वसाधारण क्रम असतो. शाळा उघडल्यावर निबंधात खरेदीची यादी तेवढी उतरते. वस्तू कोणी केली व कशी केली, हे मुलाने विचारलेले नसते.

म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच या विषयावर एक पाठ घ्यावा. त्यासाठी तेथील दशावतारी गंजिफांचे उदाहरण उत्तम. गंजिफा म्हणजे खेळावयाची गोल, हाताने रंगविलेली पाने. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याच खेळाने आपल्याकडे दशावतारांचे रूप घेतले. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पाने, अशी एकूण १२० पाने होतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. मौज अशी की, राजा-प्रधानांखाली निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या रंगांत एक्का वरचढ आणि दश्शी सर्वांत हलकी! चढता-उतरता क्रम शिकविण्यास याहून गोड साधन प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाही.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि हा खेळ मागे पडला. १९७० च्या सुमारास ही विद्या जाणणारे हात सावंतवाडीत फार थोडे उरले होते. त्यांपैकी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापासून शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. त्यामुळे कला तगली. खेळ मात्र तितका तगला नाही. आजचे संच बहुधा काचेच्या कपाटात जातात.

येथे शाळेला करण्याजोगे पुष्कळ आहे. जुन्या लग्नपत्रिकांवर डब्याचे झाकण ठेवून गोल कापावेत, दहा गटांना एकेक अवतार द्यावा आणि १२० पाने वर्गातच रंगवावीत. मग खेळावे. अशी पाने हाताळलेले मूल पुढे आईवडिलांबरोबर सावंतवाडीस गेले, तर कारागिरापाशी घटकाभर थांबल्यावाचून राहणार नाही. आणि एका संचाची किंमत एवढी का, हे त्यालाच वडिलांना सांगता येईल.

एक काळजी मात्र घ्यावी. पुष्कळ घरांना सहल परवडत नाही. “सुट्टीत कोठे गेला होतास?” हा प्रश्न वर्गात उभे करून विचारू नये. अशा मुलांना गावातल्याच कुंभाराकडे किंवा बुरुडाकडे घरच्या वडीलधाऱ्यांसह जावयास सांगावे. सूप विणण्यास बांबू कोठून येतो, तो कसा सोलतात, एका दिवसात किती सुपे होतात, एवढे तीन प्रश्न पुरेत. शाळेसाठी एखादे सूप घेतले, तर त्याचे दाम घासाघीस न करता द्यावे.