बंदीत बोटीच्या बॅटरीला कोणता चार्जर लावायचा?



१ जूनला बंदी लागली की आपण बोट वर घेतो, जाळी शिवायला बसतो, रंगाचं काम काढतो. बॅटरी मात्र केबिनमध्ये तशीच पडून राहते. पश्चिम किनाऱ्यावर बंदी ३१ जुलैपर्यंत असते, पण आपल्या गुजरातमध्ये आता ती १५ ऑगस्टपर्यंत चालते. म्हणजे अडीच महिने इंजिन बंद, अल्टरनेटर बंद, बॅटरीला चार्जिंग काही नाही.

माझ्यावरच ही वेळ आली होती. बंदी उठल्यावर पहिल्याच दिवशी सेल्फ मारला, तर नुसता टिक टिक आवाज. बर्फ भरलेला, खलाशी चढलेले आणि भरती उतरायला लागलेली. शेजारच्या बोटीची बॅटरी आणून इंजिन चालू केलं. हेच दर्यात झालं असतं तर इंजिन, वायरलेस, जीपीएस आणि बोटीचे दिवे एकदमच गेले असते. मी बॅटरी चार्ज केली होती, पण बाईकच्या बॅटरीचा छोटा चार्जर एक रात्र लावून. तिथेच चुकलं.

म्हणून चार्जर घ्यायच्या आधी बॅटरीवरचं लेबल वाचा आणि तीन गोष्टी बघा.

१) व्होल्ट किती?
एक बॅटरी बहुतेक १२ व्होल्टची असते. ज्या बोटीत सेल्फ २४ व्होल्टचा आहे तिथे दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. त्या जोडीला २४ व्होल्टचा चार्जर लागतो. तो नसेल तर जोडणी सोडवून एकेक बॅटरी १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगळी चार्ज करा. १२ च्या बॅटरीला चुकूनही २४ चा चार्जर लावू नका.

२) एएच किती?
लेबलवर ८०, १००, १५० एएच असं लिहिलेलं असतं. सोपा हिशेब असा, की एएचचा दहावा भाग म्हणजे चार्जरचे अँपिअर. १०० एएचला १० अँपिअर, १५० एएचला १५ अँपिअर. थोडं कमी असलं तर वेळ जास्त लागेल, एवढंच.

माझा हिशेब बघा. १०० एएचची बॅटरी अर्धी उतरली होती, म्हणजे ५० एएच भरायचे होते. थोडं वाया जातं, म्हणून ६० धरा. १० अँपिअरच्या चार्जरला सहा तास आणि शेवटी चार्जिंग हळू होतं म्हणून अजून एक-दोन तास. माझा चार्जर २ अँपिअरचा होता, त्याला ३० तास लागले असते. मी दहा तासांनी काढला. बॅटरी अर्धवट भरलेली तशीच दोन महिने पडली आणि आतल्या प्लेटींवर सल्फेटचा कडक थर बसला. असा थर एकदा पक्का झाला की पुढे कितीही चार्ज करा, बॅटरी पहिल्यासारखी ताकद देत नाही.

उलटी चूकही तेवढीच महाग पडते. १०० एएचला ३०-४० अँपिअरचा मोठा चार्जर लावून 'तासात करून दे' म्हटलं तर बॅटरी तापते, पाणी उडून जातं, प्लेटी वाकतात.

३) जात कोणती?
झाकण उघडून पाणी टाकायची साधी बॅटरी असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत चालतो. जेल बॅटरीला एवढा चालत नाही, ती १४.१-१४.२ च्या आसपासच ठेवावी लागते. सीलबंद आणि एजीएमसाठी लेबलवर लिहिलेलं असेल तेच धरा. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लागतो, लेड-अ‍ॅसिडचा जुना चार्जर तिला लावू नका.

साधा की ऑटोमॅटिक?
जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बॅटरी भरली तरी करंट देत राहतो. माणूस समोर बसून लक्ष ठेवणार असेल तरच तो ठीक. घरी लावायचा असेल तर तीन टप्प्यांचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. तो आधी जोरात भरतो, मग व्होल्टेज धरून करंट कमी करत जातो आणि शेवटी १३.५ ते १३.८ व्होल्टवर बॅटरी नुसती भरलेली ठेवतो. घेताना दुकानदाराला विचारा, 'हा फ्लोटवर जातो का?'

भरली की नाही कसं कळणार?
चार्जर काढून चार-पाच तास थांबा, मग मल्टिमीटर लावा.
• १२.६ किंवा वर : पूर्ण
• १२.४ : पाऊण
• १२.२ : अर्धी
• १२.० : पाव
• ११.८ च्या खाली : रिकामी, लगेच चार्ज करा

चार्जर काढल्या काढल्या मीटर जास्तच दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

बंदीत काय करायचं?
बोट वर घेतली की आधी मायनसची वायर काढा. पंप किंवा जीपीएस थोडं थोडं खात असतं. शक्य असेल तर बॅटरी घरी आणा, पूर्ण चार्ज करा आणि मग महिन्यातून एकदा मोजून परत भरा. उकाड्यात बॅटरी आपोआप लवकर उतरते. आपल्या सुरतमध्ये पावसात खाडीचं पाणी वस्तीत शिरतं, म्हणून बॅटरी आणि चार्जर दोन्ही उंचावर ठेवा. बॅटरीत खारं पाणी गेलं तर अ‍ॅसिडबरोबर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे विसरू नका.

चार्जिंग लावताना (घरातल्या सगळ्यांनी वाचा)
• चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडतो. बंद खोलीत नको, चुलीजवळ नको, देवघराच्या दिव्याजवळ नको, बिडी तर नकोच.
• आधी चिमटे लावा, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, मग बटण चालू करा. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे.
• पाणी डिस्टिल्डच टाका आणि चार्जिंग झाल्यावर टाका. प्लेटी उघड्या दिसत असतील तरच आधी त्या बुडतील एवढं टाका.
• अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा. डोळ्यात गेलं असेल तर धुवून झाल्यावर दवाखान्यात जा.
• लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. ओल्या जमिनीवर उभं राहून प्लगला हात लावू नका.

प्रत्येक घराने महागडा चार्जर घ्यायला हवा असं नाही. एकाच मापाच्या बॅटऱ्या असलेल्या तीन-चार बोटवाल्यांनी मिळून एक चांगला चार्जर घेतला आणि महिन्याच्या पाळ्या लावल्या तरी सगळ्यांचं भागतं. कोणता घ्यावा कळत नसेल तर बॅटरीच्या लेबलचा फोटो काढून ऑफिसात घेऊन या, आपण बसून हिशेब करू.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहायच्या आधी एकदा मीटर लावा. १२.६ दिसलं की मगच बर्फ भरा.

आपला,
सचिव