चांदीवरची छाप कशी वाचावी?

मिश्रधातूंचा धडा आपण पुस्तकात वाचतो. आज त्यातली चांदी घेऊ, पण प्रयोगशाळेतली नाही, आजीच्या पेटीतली.

शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. किती मिसळले ते डोळ्यांना दिसत नाही. मग कुणीतरी जबाबदारी घेऊन त्या धातूवरच खूण ठोकतो. ती छाप. हा आपला शब्द फार लांब गेला बरं का! चीनच्या बंदरांत व्यापारी चांदीची नाणी पारखून त्यांवर बारीक चिनी अक्षर ठोकत. त्या खुणेला इंग्रजीत 'चॉप' म्हणतात, आणि तो शब्द 'छाप'वरूनच आला. आपल्याकडचे सराफही रुपयाला टोचा मारून बघत, त्यामुळे जुन्या रुपयांवर अशा खुणा दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चिनी चांदीच्या भांड्यांवर बहुधा तीन गोष्टी असतात. इंग्रजी आद्याक्षरे विकणाऱ्या पेढीची, चिनी अक्षरे घडवणाऱ्या कारखान्याची, आणि ९० हा आकडा म्हणजे शंभरात नव्वद भाग चांदी. 'डब्ल्यू एच' दिसले तर ती वांग हिंग ही प्रसिद्ध पेढी. म्हणजे कुणी विकले, कुणी घडवले, किती कसाचे, हे सगळे भांड्याच्या बुडाशी वाचता येते.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. इथल्या जुन्या वाळ्यांवर, तोड्यांवर, सरीवर अशी खूण बहुधा सापडत नाही. गावचा सोनार सगळ्यांच्या ओळखीचा. तो कशाला नाव ठोकेल? छाप शोधायची तर रुपयांच्या माळेत शोधा. तिथे टांकसाळीने सगळे लिहून ठेवलेले आहे.

राणीछाप रुपया भिंगाखाली धरा. इंग्रजीत 'क्वीन' असेल तर तो १८७६ पर्यंतच्या छापाचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा. मात्र सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १८६२ हे साल कोरलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते! राजा पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला, अगदी खालच्या कमळाजवळ बारीक उठावदार ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा. चीनशी होणाऱ्या व्यापारासाठी चांदीचे डॉलरही मुंबईच्या टांकसाळीत पाडले जात. त्यांवर त्रिशूळाच्या मधल्या टोकात 'बी' हे अक्षर असते.

सिरोंच्याकडे गेलात तर चारमिनारचे चित्र असलेला रुपयाही भेटू शकतो. नदीपलीकडे निजामाचे राज्य होते, तिथला हा हाली रुपया. त्याचे वजन थोडे कमी आणि चांदी सुमारे ८२ टक्के.

खरी गोम आहे सालात. इंग्रजी रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून ती निम्मीच राहिली. १९४७ चा रुपया तर निकेलचा. लोहचुंबकाला चिकटतो, करून बघा.

समजा माळेत वीस राणीछाप रुपये आहेत. न झिजलेले धरले तर त्यांत सुमारे २१४ ग्रॅम चांदी. १९४० नंतरचे वीस असतील तर ११७ ग्रॅमच्या आसपास. बाजाराच्या दिवशी कुणी माळ मोडीत देते, आणि तिथे "जुनी आहे, निम्मीच चांदी धरू" असे म्हटले गेले, तर घरची ९७ ग्रॅम चांदी तिथल्या तिथे गेली. छाप वाचता येत असेल तर आजी नाण्यावरचे साल दाखवून बोलू शकते. कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात हे खरे, पण त्यातली चांदी कुठे जात नाही. डाखाचे वजन मात्र वेगळे धरावे लागते. आणि एकदा मुशीत गेले की राणी, साल, ठिपका सगळे संपले.

आजच्या नव्या चांदीवर हॉलमार्क असेल तर ९२५ सारखा आकडा दिसतो, म्हणजे हजारात ९२५ भाग. वाचायची रीत तीच.

कृती: घरच्यांना विचारून एखादे जुने नाणे किंवा डाग घ्या. घासूनपुसून चकचकीत करू नका, बारीक अक्षरे झिजतात. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन करा, साल आणि खुणा वहीत उतरवा. आणि ते घरात कुणाकडून आले, हे आजीला विचारून त्याच पानावर लिहा. ते कोणत्याही छापेत सापडत नाही.