करवतीचा कठडा
(अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन: अनुवाद १९:४-५, अनुवाद २२:८, उपदेशक १०:१०



नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा, अशी आज्ञा अनुवाद २२:८ मध्ये आहे. त्या काळी छते सपाट असत आणि लोकांचा वावर तिथे असे. वरून कोणी पडला तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असे कारणही तिथेच दिले आहे. पडणारा घरमालकच असेल असे नाही. तो पाहुणा असेल किंवा गडी असेल. तरी कठड्याची जबाबदारी मालकाची आहे.

उलव्यात घरालगतच्या शेडमध्ये मी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचे पेट्रोल मशीन, दुरुस्त करतो. या कामात हे वचन मला रोज आठवते. कारण मशीन मालकाचे असते, पण ते धरणारे हात पुष्कळदा कातकरी किंवा ठाकर मजुराचे असतात. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना धंदा. पुढे लाकूडतोड आणि कोळसाभट्ट्यांवरची मजुरी त्यांच्या वाट्याला आली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हापासून या मशीनचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

मशीनचे कठडे

चालत्या साखळीच्या पट्टीचे टोक, विशेषतः त्याचा वरचा भाग, लाकडाला लागला तर मशीन क्षणात उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. अशा वेळी पुढच्या दांड्यासमोरचा पंजा ढकलला जातो, ब्रेक लागतो आणि साखळी थांबते. हा पहिला कठडा. दुसरा, तुटलेली साखळी मागे येऊ लागली तर तिला अडवणारा खुंट. तिसरा, मागच्या मुठीवरची कळ. ती तळहाताने दाबल्याशिवाय रेस वाढत नाही. चौथा, सायलेन्सरमधली बारीक जाळी. ती ठिणग्या अडवते. उन्हाळ्यात गवत वाळलेले असताना जाळी नसलेल्या मशीनमधून एखादी ठिणगी पडली, तर वणवा वाडीपर्यंत यायला वेळ लागत नाही.

दुरुस्तीला आलेल्या मशीनबरोबर अनेकदा एक मागणी येते: “ब्रेक सारखा अडकतो, काढूनच टाका.” ब्रेक अडकतो तो बहुधा भुसा आणि साखळीचे तेल यांचा चिखल आत घट्ट बसल्यामुळे. आमच्याकडे खाडीचा खारा, दमट वारा. पावसाळाभर पडून राहिलेल्या मशीनच्या ब्रेकपट्टीला गंजही चढतो. झाकण उघडावे, ब्रशने सगळे साफ करावे, पट्टी किंवा स्प्रिंग झिजली असेल तर बदलावी. हे काम ब्रेक काढून टाकण्याइतके झटपट होत नाही, पण पुढचा धोका टळतो.

धार की जोर?

दुसरी मागणी असते ताकद वाढवून देण्याची. त्यासाठी कोणी जाळी काढतो, कोणी साखळीच्या प्रत्येक दातापुढची लहान टेकडी घासून खाली करतो. दात लाकडात किती खोल जावा हे ती टेकडी ठरवते. नेहमीच्या अनेक साखळ्यांत ती दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असते. ती फार खाली गेली की दात खोल चावतो, मशीन हिसके देते आणि उसळण्याचा धोका वाढतो.

उपदेशक १०:१० आपल्याला शिकवतो की हत्यार बोथट असले तर जोर जास्त लावावा लागतो आणि शहाणपणाने काम साधते. मशीन पीठासारखा भुसा टाकत असेल तर इंजिनाला दोष देऊ नये, दात बोथट आहेत. साखळीच्या मापाची गोल कानस घ्यावी, आतून बाहेर एकाच कोनात चालवावी आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावेत. मग लाकडाच्या कपच्या पडू लागतात. मशीन पुढे रेटावे लागत नाही, माणूसही लवकर दमत नाही.

दोन वचनांतला फरक

अनुवाद १९ मध्ये लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी मरतो. ज्याच्या हातून हे नकळत घडले त्याला आश्रयाचे नगर आहे. कठडा नसलेल्या छताबद्दल मात्र दोष लागतो, कारण तिथला धोका आधीच कळण्यासारखा होता. ब्रेक काढलेले मशीन दुसऱ्याच्या हाती देणे यांपैकी कशात बसते, हे ठरवणे कठीण नाही.

म्हणून मशीन परत देताना मी दोन गोष्टी तपासतो. रेस सोडल्यावर साखळी जागीच उभी राहिली पाहिजे. पंजा पुढे ढकलताच चालती साखळी थांबली पाहिजे. आणि हे मालकाला दाखवून पुरत नाही, जो मशीन चालवणार त्यालाच करून दाखवावे लागते. एखाद्या वाडीला चेनसॉ भेट द्यायचा आपला विचार असेल, तर त्याच खर्चात हेल्मेट, चष्मा, पायाचे संरक्षक कवच, जाड बूट, कानस आणि शिकवणारा माणूस धरावा. तेवढे पैसे नसतील तर मशीन पुढच्या वर्षी द्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी, शेतावर किंवा कामावर दुसरा माणूस वापरतो अशी कोणती वस्तू ‘कठड्याविना’ आहे?
२. मजुराने धोका सांगितला तर आपण त्याचे ऐकतो, की दुसरा मजूर शोधतो?
३. आपल्या मंडळीने दिलेल्या वस्तूंची पुढे देखभाल कोण करतो?

प्रार्थना: हे प्रभो, आमच्यासाठी राबणाऱ्या हातांची काळजी आम्हांला लागू दे, आणि जो कठडा आम्ही बांधायला हवा तो आजच बांधण्याची बुद्धी दे. आमेन.